दोन तासांचा पाळणा

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुलींसाठी एक चांगला निर्णय घेतला. वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी ती निम्मी माफ होती. मुलीच्या शिक्षणासाठी दागिना गहाण टाकणाऱ्या आयांना या निर्णयाचं मोल सांगायला नको. मुलगी शिकली पाहिजे, हे आता सरकारलाही पटलंय आणि बहुतेक घरांनाही.

पण ‘शिकणारी मुलगी’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? पाठीला सॅक, ओढणीला पिन, एसटीची वाट बघत मैत्रिणींशी खिदळणारी, लग्न न झालेली पोर. तिच्याच शेजारी आणखी एक मुलगी असते, ती आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. बारावी झाल्यावर किंवा एफवाय-एसवायला असतानाच तिचं लग्न झालं. वर्ष-दीड वर्षात पाळणा हलला. नवरा मुंबईला किंवा पुण्याला, गणपती-शिमग्याला येणारा. मूल थोडं मोठं झालं, आणि आता तिला वाटतंय, राहिलेली पदवी पुरी करावी. कुणाला बी.एड. करायचंय, कुणाला स्पर्धा परीक्षा द्यायचीय. अंगणवाडी सेविका व्हायचं तरी आता बारावी पास लागते. तिची फी माफ होईल, पुस्तकं उसनी मिळतील, नवराही ‘शीक’ म्हणेल. पण सकाळी साडेसातच्या तासाला ती निघाली, तर दीड वर्षाच्या बाळाला कुणाच्या मांडीवर ठेवून निघायचं?

‘घरात आजी असते की!’ हे उत्तर तयारच असतं. आमच्या गुहागर तालुक्यात फिरून बघा. पालशेत, अडूर, आबलोली, शृंगारतळी, कुठल्याही वाडीत जा. आजी आहे, पण ती पन्नाशीतली कष्टाची बाई आहे. जुलैत ती लावणीला गुडघाभर चिखलात असते, ऑक्टोबरात कापणीला आणि मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बिया वेचायला. सुनेची परीक्षा नेमकी एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच येते. शिवाय सगळ्याच आज्या गावात उरलेल्या नाहीत. थोरल्या सुनेची नोकरी आहे म्हणून तिची मुलं सांभाळायला विरारला आणि दिव्याला गेलेल्या आज्या काय कमी आहेत? ‘आजी आहे ना’ म्हणताना आपण आजीला विचारलेलं नसतं, हेही लक्षात ठेवावं.

गुहागरला खरे-ढेरे-भोसले महाविद्यालय आहे. पदवीसाठी तालुक्याबाहेर जायला लागू नये, ही त्यातली मोठी सोय. नाहीतर चिपळूण किंवा रत्नागिरी. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलं की दापोली तालुका लागतो. तिथे १९७२ साली स्थापन झालेलं कोकण कृषी विद्यापीठ आहे. रत्नागिरीत मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. म्हणजे शिक्षण आपल्या दाराशी आलंय. कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी एम.एस्सी., पीएच.डी. करणाऱ्या मुली पंचविशी-तिशीतल्या असतात. संशोधन करायचं वय आणि बाळंत व्हायचं वय एकच. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, म्हणजे तिथेही लग्न झालेल्या मुलींच्या वाट्याला एक वर्ष जास्तीचं आलं.

या सगळ्याजणींसाठी माझी मागणी अगदी लहान आहे. विद्यापीठाच्या आणि कॉलेजच्या आवारात थोड्या वेळाचं पाळणाघर हवं. दिवसभराचं पाळणाघर नोकरी करणाऱ्या बाईला लागतं. शिकणाऱ्या आईला ते नकोच असतं. तिला दोन तास, फार तर चार तास हवे असतात. दोन लेक्चर, एक प्रॅक्टिकल, लायब्ररीत तासभर नोट्स काढणं किंवा तीन तासांचा पेपर. एवढा वेळ बाळ हाकेच्या अंतरावर, ओळखीच्या बाईजवळ, सुरक्षित असलं की पुरे. मधल्या सुट्टीत ती जाऊन दूध पाजून येईल.

आता कुणी म्हणेल, सरकारने शिकणाऱ्या आयांसाठी काहीच केलं नाही का? केलंय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला संशोधनाच्या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. प्रबंधासाठी दोन वर्षांची जादा मुदतही मिळते. २०२२ च्या नव्या नियमांत हे कायम राहिलं. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने विद्यापीठांना पत्र लिहून पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजा आणि हजेरीतल्या सवलतीचे नियम करायला सांगितलं. ही पावलं चांगलीच आहेत. पण मैत्रिणींनो, रजा म्हणजे घरी राहायची परवानगी. बाळंतपणात ती हवीच. पण बाळ सहा महिन्यांचं झालं, वर्षाचं झालं, की आईला वर्गात बसायची सोय हवी असते. रजेने हजेरी भरून निघेल, पण बुडालेला तास कोण शिकवणार?

कायद्याकडे बघितलं तर एक गंमत दिसते. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यातच पाळणाघर होतं. पुढे १९७६ साली दुरुस्ती होऊन तीसहून अधिक स्त्री कामगार असतील तिथे ते बंधनकारक झालं. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सांगितली गेली. आईने दिवसातून चार वेळा बाळाला भेटून यावं, हेही त्यात लिहिलं. सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेतही ही तरतूद घेतली आहे. आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर म्हटलं होतं की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमावं आणि तिला मजुरी द्यावी. खडी फोडणाऱ्या बाईच्या बाळाचा विचार कायद्याने केला, हे योग्यच झालं. पण विद्यार्थिनी कर्मचारीही नाही आणि मजूरही नाही. त्यामुळे या तिन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत ती अलगद खाली पडते. रस्त्याच्या कामावर पाच मुलं असली तर सोय होऊ शकते, मग कॉलेजात पाच मुलं असली तर का नाही?

विद्यापीठांना ही गोष्ट कुणी सुचवलीच नाही, असंही नाही. अकराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे २००७ ते २०१२ या काळात, अनुदान आयोगाने विद्यापीठांसाठी पाळणाघरांची योजना ठेवली होती. साधारण तीन महिने ते सहा वर्षांची मुलं. आई-वडील तिथे नोकरी करणारे असोत, विद्यार्थी असोत की संशोधक. त्यानंतर नॅकच्या मूल्यांकनासाठी कॉलेजं जो अहवाल भरत, त्यात स्त्रियांसाठी कोणत्या सोयी आहेत या प्रश्नाखाली सुरक्षा, समुपदेशन, कॉमन रूम आणि लहान मुलांसाठी डे-केअर असे रकाने असत. म्हणजे कल्पना नवी नाही. कागदावर ती वीस वर्षांजवळ जुनी झाली.

मग अडतं कुठे? बऱ्याच ठिकाणी एक उत्तर ऐकू येतं, ‘तशी मागणीच नाही हो.’ मागणी नाही, कारण मोजदादच नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर आपण काय काय भरतो! जात, उत्पन्न, रक्तगट, खेळाची आवड. पण ‘तुम्हाला सहा वर्षांखालचं मूल आहे का?’ हा प्रश्न मी आजवर पाहिलेल्या एकाही फॉर्मवर नव्हता. आणि ज्या मुलीला अडचण आहे, ती तक्रार करायला ऑफिसात येतच नाही. ती हळूहळू यायची बंद होते. आधी पहिला तास बुडतो, मग आठवड्यातले दोन दिवस, मग पंचाहत्तर टक्के हजेरीच्या यादीत तिचं नाव लागतं, आणि तिथेच ती खचते. रजिस्टरमध्ये ‘गैरहजर’ एवढंच राहतं. कारण लिहायला तिथे जागा नसते.

आपल्याकडे अशा आईचं कौतुक मात्र भरपूर होतं. २०१८ साली तेलंगणातल्या महबूबनगरमध्ये पोलीस भरतीच्या परीक्षेला बसलेल्या एका आईचं चार महिन्यांचं बाळ बाहेर बंदोबस्तावरच्या पोलिसाने कडेवर घेऊन शांत केलं. तो फोटो देशभर फिरला. आपण सगळ्यांनी ‘किती गोड!’ म्हटलं. त्या पोलिसाला सलामच केला पाहिजे. पण आईचा पेपर चांगला जाण्यासाठी दारावरचा पोलीस प्रेमळ निघावा लागतो, ही काही व्यवस्था झाली का? आपल्या राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला गेल्या. विधानभवनात हिरकणी कक्ष झाला. पण पुढच्याच अधिवेशनात, मुंबईत, त्या कक्षातल्या धुळीबद्दल त्यांना सगळ्यांसमोर तक्रार करावी लागली. आमदार बाईंची ही गत, तर एफवायच्या पोरीने कुणापुढे बोलावं?

आणि हिरकणी हे नाव तरी आपण किती सहज देतो! रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेला दरवाजा, नियमाला धरून बसलेला पहारेकरी आणि घरी भुकेलेलं तान्हं. ती अंधारात कडा उतरून गेली, महाराजांनी तिचं कौतुक केलं, तिथे बुरूज बांधला, अशी गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. त्या गोष्टीतून आपण आईच्या धाडसाचा धडा घेतला. पण दरवाजाच्या वेळेचा धडा घेतला नाही. आजची हिरकणी कॉलेजच्या वेळापत्रकापुढे उभी आहे. तिने कडा उतरावा आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, यापेक्षा दिंडी दरवाजा थोडा वेळ उघडा ठेवणं जास्त शहाणपणाचं नाही का?

शिकणाऱ्या आईला कुणीतरी बाळ सांभाळून दिलं की काय होतं, हे आपल्याच इतिहासात आहे. १८८३ साली पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. विधवा, परका देश, परकी भाषा. तिथल्या धर्मभगिनींनी त्या लेकराला जीव लावला, म्हणून रमाबाईंना शिकता आलं, शिकवताही आलं. परत येऊन १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. तिथे शिकलेल्या गोदूबाई आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखच्या. त्याच पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे झाल्या. आणि परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेलेल्या ज्या महर्षी कर्व्यांशी त्यांचं लग्न झालं, त्यांनी १९१६ साली स्त्रियांचं विद्यापीठ उभं केलं. ज्या मातीतून स्त्रियांचं विद्यापीठ निघालं, त्या मातीत शिकणाऱ्या आईसाठी एक खोली निघू नये?

दुसरं उदाहरण कोकणच्या उत्तर टोकाचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायचं काम त्यांच्यावर असतं. मग मुलींना किंवा त्यांच्या आयांना दोष देत बसण्याऐवजी त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हणत. कडेवर भावंड घेऊन आलेली मुलगी त्याला पाळणाघरात ठेवायची आणि स्वतः वर्गात बसायची. किती साधी युक्ती! त्या मुलीच्या जागी आज कॉलेजातली तरुण आई आहे, एवढाच फरक.

बाहेरच्या देशांतही याची गरज पडलीच. अमेरिकेत १९९८ साली उच्च शिक्षणाच्या कायद्यात तरतूद करून कमी उत्पन्न असलेल्या विद्यार्थी-पालकांच्या मुलांसाठी कॉलेजांना पाळणाघराचं अनुदान देण्याची योजना आणली गेली. म्हणजे गरज फक्त गरीब देशातली किंवा मागासलेल्या घरातली नाही. शिकणं आणि आईपण एकाच वयात आलं की ती उभी राहतेच.

आता प्रत्यक्ष काय करायचं? माझं म्हणणं असं, सुरुवात परीक्षेपासून करावी. परीक्षेच्या तारखा आधी कळतात, वेळ ठरलेली असते, परीक्षा फॉर्मवर एक ओळ वाढवली तर मुलं किती येणार हेही कळतं. एका सत्रात आठ-दहा दिवस, रोज चार तास. एवढा प्रयोग कुठल्याही कॉलेजला झेपेल. तो जमला की प्रॅक्टिकलचे दिवस, मग रविवारी येणाऱ्या मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थिनी, आणि मग रोजचे सकाळचे तास.

खोली तळमजल्यावरची हवी. आपल्याकडे पावसाळ्यात साप-विंचू निघतात, म्हणून दाराखिडक्यांना जाळी. आवारात विहीर असली तर तिच्यावर झाकण आणि खोलीच्या दाराला वरच्या बाजूला कडी. सतरंजी, दोन झोळ्या, धुवायच्या चादरी, उकळलेलं पाणी, थोडी खेळणी, शेजारी न्हाणीघर. ओल्या लंगोटांसाठी पावसात दोरी आतच बांधायला लागेल. दूध पाजायला एक पडदा. खाणं आईने घरूनच आणावं. पेज, मऊ भात, नाचणीचं सत्त्व, जे बाळाला सवयीचं आहे ते. ताप, खोकला, जुलाब असलेलं मूल त्या दिवशी घ्यायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून कडक.

सांभाळणारी बाई रोज तीच असावी. बाळाला चेहरा ओळखीचा लागतो. वेळ थोडा असला तरी मूल म्हणजे टोकन घेऊन ठेवायची पिशवी नव्हे. म्हणून पहिले दोन-तीन दिवस आईने स्वतः तिथे बसावं, मग अर्धा तास सोडून बघावं, मग तास. तीन वर्षांखालच्या चार-पाच बाळांमागे एक बाई तरी हवीच, आणि खोलीत कधीही एकटी बाई नको, दोघी हव्यात. बचत गटातल्या, बालवाडीचा अनुभव असलेल्या, पोलीस पडताळणी झालेल्या बायका मिळू शकतात. त्यांना तासाप्रमाणे नीट पैसे द्यावेत. ‘समाजसेवा’ म्हणून बायकांकडून फुकट राबवून घ्यायची आपली जुनी खोड इथे नको. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुला-मुलींना वर्षाला १२० तास काम असतं. त्यांनी गोष्टी सांगाव्यात, खेळणी करावीत, रजिस्टर लिहावं. जबाबदारी मात्र त्यांच्यावर टाकू नये. आणि ‘मुला-मुलींना’ हे मुद्दाम म्हटलंय. बाळ कडेवर कसं घ्यायचं हे मुलग्यांनाही कळू दे!

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान शाखेची चेतन बालवाडी विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचाच भाग म्हणून चालत आली आहे. मुलांना सांभाळ मिळतो, विद्यार्थ्यांना अनुभव. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, गृहशास्त्र जिथे शिकवतात, तिथे हे सहज जमेल. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीत २०२२ पासून ‘पाळणा’ योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, अंगणवाडीला जोडून पाळणाघर. कॉलेजजवळच्या अंगणवाडीचा त्यात विचार होईल का, हे बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जाऊन विचारायला काय हरकत आहे?

जबाबदारी कोण घेणार, काही बरंवाईट झालं तर? हा प्रश्न प्राचार्यांनी विचारला तर तो रास्त आहे. म्हणूनच नियम लेखी हवेत, आईची सही हवी, जवळच्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवर हवा. पण आज ते बाळ कुठे असतं? शेजारच्या आठ वर्षांच्या पोरीच्या कडेवर, किंवा झोळीत एकटं. तिथली जबाबदारी कुणाची, हे आपण कधी विचारलं नाही.

‘लग्न झालं, मूल झालं, आता शिकून काय करणार?’ असं म्हणणाऱ्या बायकाही आपल्यातच आहेत, हे कबूल करू या. त्यांना एवढंच सांगावं, नवरा दूर, घरात म्हातारी माणसं, उद्या काही अडलं तर हातात पदवी असलेली सून घर उचलून धरते. शिवाय आई अभ्यासाला बसलेली बघत वाढलेल्या मुलाला ‘अभ्यासाला बस’ म्हणून ओरडावं लागत नाही.

दरवर्षी ८ मार्चला पाळण्याच्या दोरीवर भाषणं होतात. यंदा त्या दोरीबरोबर पाळण्याचीही चौकशी करू या. प्रत्येक कॉलेजात २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार महाविद्यालय विकास समिती असते, त्यात गावातली माणसंही असतात. त्यांना भेटा. तुमच्या वाडीत अर्धवट शिक्षण सोडलेल्या, मूल लहान असलेल्या किती मुली आहेत, त्यांची नावं आणि मुलांची वयं एका वहीत लिहा. दोघी-तिघींनी मिळून जून महिन्यात, प्रवेश सुरू होण्याआधी, ती वही घेऊन प्राचार्यांकडे जा. दोन मागण्या करा. फॉर्मवर एक ओळ आणि परीक्षेच्या दिवसांत एक खोली. ‘मागणीच नाही’ असं म्हणायला मग कुणाला जागा राहणार नाही.